कायम हरणारा खलनायक आणि त्याचं कबुतर

लहान मुलांच्या गोष्टीत खलनायक असतो तो हरण्यासाठी. राक्षस मरतो, चेटकीण पळून जाते, लबाड कोल्ह्याची फजिती होते आणि गोष्ट संपते. पण समजा, रोजच हरणाऱ्या या माणसाला कुणी उचलून गोष्टीच्या मध्यभागी बसवलं तर? म्हणजे नायक कोपऱ्यात आणि सगळी गोष्ट त्या दुष्टाची. अमेरिकेतल्या मुलांच्या दूरचित्रवाणीवर १९६९ साली नेमकं हेच घडलं. हा प्रयोग जेमतेम १७ भागांचा होता. तरीही पन्नासहून जास्त वर्षं झाली, तो खलनायक लोकांच्या लक्षात आहे आणि त्याच्यासमोरचा 'नायक' फारसा कुणाला आठवत नाही. असं का झालं असावं, ते थोडं मागे जाऊन पाहू या.

या गृहस्थांचं नाव डिक डॅस्टर्डली. डॅस्टर्डली म्हणजे नीच, भ्याडपणे घात करणारा. आडनावातच सगळं चरित्र आलं! उंच, हडकुळा, लांब नाक, टोकदार हनुवटी आणि दोन्ही बाजूंना वळवलेली काळी मिशी. सोबतीला मटली नावाचा गावठी कुत्रा. हा कुत्रा मालकाची फजिती झाली की दातांवर दात ठेवून, दमेकऱ्यासारखा खिखि हसतो. मालकाशी पटत नाही, पण मालकाला सोडूनही जात नाही.

ही मिशी मात्र १९६९ सालची नाही, फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी-अमेरिकन नाटकांत मिशीला पीळ देणारा, काळ्या कपड्यातला दुष्ट ठरलेला असे. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टिन डेली यांचं 'अंडर द गॅसलाइट' हे नाटक आलं. त्यात एका माणसाला रेल्वेच्या रुळांना बांधून ठेवण्याचा प्रसंग होता. गंमत म्हणजे त्यात बांधलेला पुरुष असतो आणि त्याला सोडवते ती नायिका. पुढे हा प्रसंग इतक्या जणांनी उचलला की त्याचं हसू व्हायला लागलं. १९१३ साली मॅक सेनेट यांच्या कीस्टोन कंपनीने 'बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ' हा मूकपट काढला, त्यात फोर्ड स्टर्लिंग हा नट मेबल नॉर्मंडला रुळांना बांधतो, तेच मुळी थट्टा म्हणून. म्हणजे जो खलनायक आजोबांना खरोखर भिववत होता, तो नातवंडांपर्यंत येईतो विनोदी झाला होता. भीतीचं असंच असतं. फार वेळा दाखवली की ती झिजते आणि खालून हसू दिसायला लागतं.

आता १९६५ साल. या एका वर्षी दोन मोठे विनोदी चित्रपट आले. ब्लेक एडवर्ड्स यांचा 'द ग्रेट रेस' आणि केन ॲनाकिन यांचा 'दोज मॅग्निफिसंट मेन इन देअर फ्लाइंग मशीन्स'. पहिला मोटारींच्या शर्यतीचा, दुसरा विमानांच्या. पहिल्याला १९०८ साली खरोखर झालेल्या न्यूयॉर्क ते पॅरिस या मोटारशर्यतीचा दूरचा आधार होता. त्यात टोनी कर्टिस पांढऱ्याशुभ्र कपड्यातला नायक आणि जॅक लेमन काळ्या कपड्यातला प्रोफेसर फेट. फेट नायकाला अडवायला नाना यंत्रं तयार करतो आणि प्रत्येक यंत्र त्याच्याच अंगावर उलटतं. शेवट तर फार बोलका आहे. नायक प्रेमाखातर शेवटच्या रेषेपाशी गाडी थांबवतो आणि फेट जिंकतो. पण फेटला आनंद होत नाही, तो चिडतो! ही दान दिलेली जीत त्याला नको असते. दुष्ट माणसालाही आपल्या पद्धतीचा स्वाभिमान असतो, हे त्या चित्रपटाने हसत हसत सांगून टाकलं.

या दोन चित्रपटांवरून विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीच्या कंपनीने प्रेरणा घेतली. 'टॉम अँड जेरी'चे जनक ते हेच. एमजीएमसाठी त्यांनी केलेल्या त्या लघुपटांना सात ऑस्कर मिळाली होती, तरीही १९५७ साली एमजीएमने आपला व्यंगपट विभाग बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले. टीव्हीजवळ पैसा कमी. मग चित्रांची संख्या कमी करायची, धड स्थिर ठेवून फक्त तोंड आणि हात हलवायचे, मागचा देखावा पुन्हा पुन्हा फिरवायचा. चित्र कमी हललं की आवाजावर भार पडतो. म्हणून या मालिकांत हसणं, पुटपुटणं, किंचाळणं याला एवढं महत्त्व आलं.

१४ सप्टेंबर १९६८ रोजी सीबीएस वाहिनीवर त्यांची 'वॅकी रेसेस' सुरू झाली. अकरा चित्रविचित्र गाड्या आणि दर भागात दोन शर्यती. दगडाची गाडी घेऊन आलेले गुहामानव, गुलाबी गाडीतली पेनेलोपी पिटस्टॉप, भुताटकीची गाडी, रणगाड्यासारखी लष्करी गाडी असा सगळा मेळा. डॅस्टर्डलीच्या गाडीचा क्रमांक दोन शून्य. या मालिकेत हीटर-क्विगली ही दूरचित्रवाणीवर खेळांचे कार्यक्रम करणारी कंपनी भागीदार होती. मूळ बेत असा होता की स्टुडिओत मुलं बसवायची आणि कोणती गाडी जिंकेल यावर त्यांच्याकडून अंदाज लावून घ्यायचे. तो बेत बारगळला, पण गाड्यांचा हिशेब मात्र समसमान राहिला. एकूण ३४ शर्यती झाल्या. दहा गाड्यांना तीन किंवा चार विजय मिळाले. अकराव्या गाडीला, म्हणजे डॅस्टर्डलीला, शून्य.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डॅस्टर्डलीची गाडी मंद नव्हती. तो सहज सगळ्यांच्या पुढे निघून जात असे. सरळ गाडी हाकली असती तर कितीतरी शर्यती त्याने जिंकल्या असत्या. पण हा पुढे जाऊन थांबायचा! रस्त्यात खड्डा खणायचा, खोटा फलक लावायचा, पूल कापायचा. तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जायचे आणि हा आपल्याच खड्ड्यात. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. पण माझ्या मते गोष्ट त्याच्या एक पाऊल पुढे जाते. लबाडीने माणूस हरतो इतकंच ती सांगत नाही. लबाडीची सवय लागली की जिथे लबाडीची गरजच नाही तिथेही माणूस थांबून लबाडी करतो, असं ती सांगते. परीक्षेत उत्तर येत असताना शेजारच्याच्या वहीत डोकावणारी मुलं आयुष्यभर पाहिली, म्हणून हे जास्त पटतं.

मालिका लागली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हाच. मग पुढच्या वर्षी, १३ सप्टेंबर १९६९ रोजी, त्याला स्वतःची मालिका मिळाली. 'डॅस्टर्डली अँड मटली इन देअर फ्लाइंग मशीन्स'. नाव सरळसरळ त्या विमानांच्या चित्रपटावरून घेतलेलं. योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच वाहिनीवर 'स्कूबी-डू' सुरू झाली आणि पेनेलोपी पिटस्टॉपचीही वेगळी मालिका आली. म्हणजे शर्यतीतून एक नायिका आणि एक खलनायक, दोघंही एकाच दिवशी स्वतंत्र घरात राहायला गेले.

आता हे तेव्हाच का घडलं? याचं उत्तर कार्टूनच्या बाहेर, त्या वर्षीच्या अमेरिकेत आहे. १९६६ पासून शनिवारी सकाळी मुलांसाठी सुपरहिरोंच्या मारामारीच्या मालिकांची गर्दी झाली होती. १९६८ साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हिंसाचाराची कारणं शोधायला आयोग नेमला. त्याच साली बॉस्टनजवळ पेगी चॅरेन आणि आणखी काही आयांनी मुलांच्या कार्यक्रमांसाठी 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. रोज रात्री बातम्यांत व्हिएतनाम होतंच. अशा वेळी वाहिन्यांना मारामारीचे कार्यक्रम अडचणीचे वाटू लागले आणि त्यांनी विनोद मागायला सुरुवात केली.

विनोदी खलनायक या अडचणीतून फार सोयीने वाट काढतो. त्याच्या मालिकेत बॉम्ब फुटतात, विमानं कोसळतात, माणसं आकाशातून पडतात. पण इजा होते ती ज्याने बॉम्ब ठेवला त्यालाच, आणि तीही पुढच्या दृश्यात बरी झालेली असते. निरपराध कुणी मरत नाही. नायकाला हात उगारावा लागत नाही. हिंसा आहे, पण तिचा मालक आणि गिऱ्हाईक एकच आहे!

नव्या मालिकेत डॅस्टर्डली 'व्हल्चर स्क्वॉड्रन' नावाच्या पथकाचा म्होरक्या आहे. व्हल्चर म्हणजे गिधाड. विमानं पहिल्या महायुद्धाच्या काळातली. पथकात क्लंक नावाचा यंत्रज्ञ आहे, जो शिट्ट्या, गुरगुर आणि उचक्यांच्या भाषेत बोलतो. त्याचं बोलणं समजतं फक्त झिली या दुसऱ्या वैमानिकाला, आणि झिली इतका भित्रा की जरा संकट दिसलं की कासवासारखं डोकं कॉलरमध्ये ओढून घेतो. काम एकच. यांकी डूडल नावाचं कबुतर शत्रूचे निरोप घेऊन उडतं, त्याला पकडायचं. बस्स. १७ भाग, प्रत्येकात दोन गोष्टी, आणि सगळ्या गोष्टींचा विषय हाच. कबुतर एकदाही कायमचं हाती लागत नाही. कित्येक देशांत मालिकेचं खरं नाव बाजूला पडून 'स्टॉप द पिजन' हेच नाव रूढ झालं.

कबुतर ही कल्पना हवेतली नाही. पहिल्या महायुद्धात तारा तुटत, निरोप्ये मारले जात, तेव्हा निरोप कबुतरांकडून जात. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्सच्या आर्गोन जंगलात मेजर व्हिटलसी यांची अमेरिकन तुकडी वेढली गेली आणि तिच्यावर आपल्याच तोफांचे गोळे पडू लागले. तेव्हा 'शेर आमी' नावाचं कबुतर गोळी लागून पाय लोंबत असताना निरोप घेऊन पोचलं. फ्रान्सने त्याला शौर्यपदक दिलं आणि पेंढा भरलेलं त्याचं शरीर आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे कबुतराची बाजू इतिहासाने सांगितली. त्याच्यावर बंदुका रोखणारे जे सैनिक होते, ज्यांना वरून 'ते पाखरू पाडा' असा हुकूम होता, त्यांची बाजू सांगायला कोण बसणार? ती अर्धशतकाने एका कार्टूनने सांगितली, आणि तीही नकळत.

कारण नीट पाहिलं तर या मालिकेत डॅस्टर्डली दुष्ट कमी आणि नोकरदार जास्त झाला आहे. त्याचा जनरल बहुतेक फोनवरच भेटतो आणि भेटला की ओरडतो. हाताखालचे लोक असे. यंत्रं अशी की उडता उडता सुटी होतात. कबुतराच्या निरोपात काय आहे ते आपल्याला कधी कळत नाही, आणि यांनाही नाही. अशक्य काम, अपुरी साधनं, वरिष्ठांचा धाक आणि संध्याकाळी अहवाल! ज्यांनी कुठल्याही कचेरीत किंवा शाळेत तीस वर्षं काढली आहेत त्यांना हे चित्र ओळखायला वेळ लागणार नाही.

आणि मटली? त्याला पदकं हवी असतात. मालक विमानातून खाली पडत असतो आणि वाचवायला सांगतो, तेव्हा हा आधी पदकाची मागणी करतो. शेपटी गरागरा फिरवून तो उडू शकतो, पण उडायचं की नाही ते पदकावर ठरतं. मालक छातीवर पदक लावतो आणि पुढच्या चुकीला, किंवा नुसतं हसल्याबद्दल, तेच पदक ओरबाडून काढतो. त्या कुत्र्याचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं ऐकलं की वाटतं, पदकाचा आणि कर्तृत्वाचा संबंध किती असतो हे मुलांना यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. मालिकेत मटलीच्या दिवास्वप्नांचाही एक छोटा भाग असे. तिथे मात्र तो शूर वीर असतो. ज्याला दिवसभर कुणी मोजत नाही, तो स्वप्नात नायक असतो, हे काही कुत्र्यांपुरतं खरं नाही.

ज्यांनी हे उभं केलं ती माणसंही पाहण्यासारखी आहेत. डॅस्टर्डली आणि मटली यांची रूपं रेखाटली इवाओ ताकामोतो यांनी. जन्म १९२५, लॉस एंजेलिस, आईवडील जपानी. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यात हे कुटुंब मांझानारच्या छावणीत गेलं. तिथल्याच सहकैद्यांकडून हा मुलगा चित्रकला शिकला, १९४५ मध्ये डिस्नेकडे लागला आणि १९६१ मध्ये हॅना-बार्बेराकडे आला. स्कूबी-डू हा कुत्राही त्याच हातातला. ज्याला सतराव्या-अठराव्या वर्षी सरकारने 'शत्रू' म्हणून तारेच्या कुंपणात ठेवलं, त्याच्याच पेन्सिलीतून पुढे इतका लोभस 'दुष्ट' उतरावा! यातून कार्यकारणभाव काढायचा नाही, पण नोंद घ्यावीशी वाटते.

डॅस्टर्डलीचा आवाज पॉल विंचेल यांचा. ते शब्दभ्रमकार, म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे. आणि याच माणसाने १९६३ साली कृत्रिम हृदयाचं पेटंट घेतलं होतं! डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी त्यात त्यांना साहाय्य केलं होतं. पडद्यावर मोडकी यंत्रं आणि पडद्यामागे हृदयाचं यंत्र. मटलीचं हसणं डॉन मेसिक यांचं. क्लंक, झिली आणि कबुतरही तेच. म्हणजे दोन माणसांनी मिळून बहुतेक सगळं पथक बोलतं केलं.

आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, त्याबरोबर हॅना-बार्बेराच्या या जुन्या मालिका मराठी घरांतही दिसू लागल्या. मुलांना ते वातावरण परकं होतं, पण डॅस्टर्डली परका वाटला नाही. त्याला एक कारण असावं. आपल्या कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो. वेद चोरणारा राक्षस, काळ्या वेषातला. शेवटी विष्णूच्या हातून मरायचं हे ठरलेलं. पण तोवर तो मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो, प्रेक्षकांशी बोलतो आणि रात्र जागवतो. लोक विष्णूला हात जोडतात, पण वाट पाहतात संकासुराची. शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच दिसायचं. रामाचं काम घ्यायला मुलं लाजायची आणि रावणासाठी भांडायची. रामाला उभं राहावं लागतं. रावणाला काहीतरी करायला मिळतं.

माझ्या मते सगळं इंगित इथे आहे. ज्याला काही हवं असतं त्याची गोष्ट होते. कबुतर परिपूर्ण आहे. त्याला फक्त पोचायचं असतं आणि ते पोचतं. त्याच्या आयुष्यात पेच नाही. डॅस्टर्डलीला हवंय, ते मिळत नाही, तरी तो उद्या पुन्हा नवं यंत्र घेऊन उभा राहतो. मुलांचं आयुष्य कुणासारखं असतं? गणित चुकतं, बूट उलटे जातात, चेंडू आपल्याच खिडकीवर बसतो. दिवसातून दहा वेळा हरणारी ती मुलं. कधीच न चुकणाऱ्या पाखरात त्यांनी स्वतःला कसं पाहावं?

अर्थात यात एक धोका आहे आणि तो नाकारून चालणार नाही. दुष्टाला इतकं गोड केलं तर दुष्टपणाचीच धार जाते. खऱ्या जगातले घात करणारे लोक असे गमतीदार नसतात आणि त्यांचे खड्डे बहुतेक वेळा दुसऱ्यांनाच गिळतात. ही मालिका त्यातून वाचते ती दोन गोष्टींमुळे. एक, डॅस्टर्डलीची लबाडी कधीही फळत नाही. दुसरी, त्याच्यावर हसणारा कायम त्याच्या शेजारी बसलेला असतो. मटलीचं ते खिखि म्हणजे मालिकेचं न्यायालय आहे. खलनायकाला नायक करायचं असेल तर त्याच्याजवळ असा एक कुत्रा हवाच. तो काढून घेतला की उरतो नुसता दुष्टपणाचा गौरव.

मूळ मालिकेचे नवे भाग जानेवारी १९७० मध्ये संपले. पुढे १९७७ च्या 'लाफ-अ-लिंपिक्स'मध्ये तर याला स्वतःच्या नावानेही येता आलं नाही. हक्क त्या भागीदार कंपनीबरोबर वाटलेले होते, म्हणून तसल्याच मिशीचा ड्रेड बॅरन आणि तसाच हसणारा मम्बली यांना उभं केलं, असं सांगतात. जन्मभर दुसऱ्यांना फसवणाऱ्याच्या जागी तोतया आला! नंतर तो परतला, १९८५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये. २०२० च्या 'स्कूब!' या चित्रपटात तर त्याच्या कारस्थानामागे हेही एक कारण निघतं, हरवलेला मटली परत हवा असतो.

मधल्या काळात ही वाट रुळली. जपानमध्ये १९७७ च्या 'याटरमॅन'मधलं दुष्टांचं त्रिकूट नायकांहून लाडकं झालं आणि २०१५ मध्ये त्या दुष्टांच्या वंशजांनाच नायक करून वेगळी मालिका आली. १९९५ मध्ये 'पिंकी अँड द ब्रेन' आली, त्यात प्रयोगशाळेतला उंदीर रोज रात्री जग जिंकायला निघतो आणि सकाळी पिंजऱ्यात असतो. २०१० मध्ये 'डेस्पिकेबल मी'च्या ग्रूने चंद्र चोरायला घेतला आणि तीन पोरक्या मुलींचा बाप होऊन बसला. आता खलनायक मध्यभागी असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण यातले बरेचसे शेवटी सुधारतात, चांगले होतात. डॅस्टर्डली त्या १७ भागांत सुधारला नाही आणि जिंकलाही नाही. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आपण मोठी माणसं मुलांना जिंकणाऱ्यांच्या गोष्टी सांगत असतो, आणि सांगायलाच हव्यात. पण वर्गातल्या पन्नासांत पहिला एकच येतो. उरलेल्या एकोणपन्नासांना हरून घरी कसं जायचं आणि उद्या पुन्हा कसं यायचं हे कुणी शिकवत नाही. ते काम शनिवारच्या सकाळी एका मिशीवाल्या लबाडाने केलं. त्याचं कबुतर अजून उडतंय, आणि तो अजून मागे आहे.